शेतात पिकणारे चलन : व्हर्जिनिया आणि मेरीलँडची तंबाखू

जुनी वही (धागाकर्ता)

व्हर्जिनियातील अँग्लिकन चर्चच्या पाद्र्याला वर्षाचे वेतन म्हणून १६,००० पौंड वजनाची तंबाखू द्यावी, असा कायदा १६९६ मध्ये झाला आणि ही पद्धत अर्धशतकाहून अधिक काळ चालली. आपल्या हिशेबाने हे वजन सव्वासात टन होते. व्हर्जिनिया आणि शेजारच्या मेरीलँडमध्ये कर, न्यायालयाचे दंड, सरकारी कामांची फी, खानावळीतील जेवणाचे दर असे सगळेच तंबाखूच्या वजनात ठरत असे. १६२० च्या सुमारास व्हर्जिनिया कंपनीने वसाहतीतील पुरुषांशी लग्न लावण्यासाठी इंग्लंडहून तरुणी पाठवल्या, तेव्हा नवरदेवाने मुलीच्या प्रवासखर्चापोटी १२० पौंड उत्तम पान भरावे असा दर होता. पुढच्या खेपेस तो १५० पौंड झाला.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराभोवतीच्या या दोन इंग्रज वसाहतींत तंबाखू हे नगदी पीक होते, एवढे सांगून आपली पुस्तके पुढे सरकतात. मला ते अपुरे वाटते, कारण तिथे तंबाखू ही स्वतःच नगद होती. इंग्लंडमधून चांदीची नाणी जवळजवळ येत नव्हती, आणि जी थोडीफार हाती पडत ती आयात मालाच्या बदल्यात परत जात. अशा ठिकाणी ज्याच्याकडे जमीन आणि राबणारे हात, त्याच्याकडे टांकसाळ. या वसाहतींची जमिनीची हाव, माणसांची हाव, मालाच्या दर्जाची रड आणि शेवटी डोक्यावर बसलेले कर्ज, या सगळ्याचा उगम मला तिथेच दिसतो.

सुरुवात मात्र वेगळ्याच अपेक्षेने झाली होती. १६०७ मध्ये जेम्सटाउन वसवणाऱ्या कंपनीला सोने, रेशीम, काच, असे काहीही चालले असते. या कंपनीचा बराच काळ प्रमुख असलेला सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर होता. त्यामुळे सुरतेला वखार घालण्याची खटपट आणि जेम्सटाउनला तगवण्याची खटपट लंडनमधील एकाच वर्तुळातून चालू होती, असे म्हणता येते. सोने निघाले नाही, रेशीम जमले नाही आणि माणसे उपासमारीने मेली. स्थानिक पौहाटन लोक जी तंबाखू पिकवत ती जात उग्र होती आणि युरोपीय गिऱ्हाइकाला स्पॅनिश वसाहतींतील मवाळ पानाची सवय लागलेली होती. जॉन रॉल्फ याने कॅरिबियन प्रदेशातील त्या मवाळ जातीचे बी मिळवून १६१२ च्या सुमारास ते जेम्स नदीकाठी लावले आणि प्रश्न सुटला. १६१७ मध्ये सुमारे २०,००० पौंड माल इंग्लंडला गेला, १६२९ पर्यंत वर्षाची निर्यात १५ लाख पौंडांवर पोहोचली, सतराव्या शतकाच्या अखेरीस ती अडीच-तीन कोटींच्या घरात होती आणि १७७५ च्या आसपास दहा कोटींवर गेली. १६१७ मध्ये नवा अधिकारी सॅम्युअल अर्गल जेम्सटाउनला उतरला तेव्हा बाजाराच्या चौकात आणि रस्त्यांतही तंबाखू लावलेली होती, असे वर्णन मिळते. त्याच्या आधीच्या एका अधिकाऱ्याने प्रत्येकाने आधी दोन एकर मका लावावा, मगच तंबाखूला हात घालावा, असा हुकूम काढला होता. त्याचा उपयोग किती झाला हे त्या चौकावरून कळते.

भावाचे काय झाले तेही पाहावे. १६१९ मध्ये उत्तम पानाला पौंडाला तीन शिलिंग आणि हलक्या पानाला दीड शिलिंग दर ठरला होता. १६३० पर्यंत वसाहतीत पौंडाला एक पेनीही मिळेनाशी झाली. बारा पेनींचा एक शिलिंग, म्हणजे अकरा वर्षांत भाव छत्तिसाव्या हिश्शाच्याही खाली आला. एवढी पडझड झाल्यावर लोक दुसऱ्या पिकाकडे वळतील असे वाटते, पण त्यांनी अधिक तंबाखू लावली. कापड, लोखंडी अवजारे, मीठ, सगळे जहाजाने येत होते आणि त्याची किंमत स्टर्लिंगमध्ये, म्हणजे इंग्रजी पैशात होती. पानाचा भाव निम्मा झाला की तेच कापड घ्यायला दुप्पट पान लागे. याउलट कर आणि स्थानिक देणी ठरलेल्या वजनात फेडायची असल्यामुळे तिथे सर्वांत रद्दी पान खपवणे हा शहाणपणा ठरे. चांगला माल जहाजावर, फुटकळ माल कोर्टात आणि चर्चमध्ये.

पीक आटोक्यात आणायचे प्रयत्न झाले. १६६६ मध्ये व्हर्जिनिया, मेरीलँड आणि कॅरोलिना यांनी एक वर्ष तंबाखू लावायचीच नाही असे ठरवले, पण मेरीलँडचा मालक लॉर्ड बाल्टिमोर याने तो ठराव नाकारला, आणि एकाने लावली की दुसऱ्याने थांबण्यात अर्थ नव्हता. १६८२ च्या वसंतात व्हर्जिनियाच्या ग्लॉस्टर परगण्यातील शेतकऱ्यांनी कंटाळून आधी स्वतःची आणि मग शेजाऱ्यांची रोपे कापायला सुरुवात केली. पहारे बसल्यावर हे काम रात्री होऊ लागले, पुरुषांची धरपकड झाल्यावर बायकांनी कुदळी हाती घेतल्या अशी तत्कालीन पत्रांत नोंद आहे, आणि १६८४ मध्ये टोळीने तंबाखूची रोपे उपटणे हा राजद्रोह ठरवणारा कायदा झाला. सरकार एवढे का बिथरले, हे रोपांकडे केवळ पीक म्हणून पाहिल्यास कळत नाही.

आता काम कसे चाले ते थोडे जवळून. जानेवारी संपण्याआधी राखेत मिसळलेले बारीक बी वाफ्यात टाकत आणि थंडीपासून जपण्यासाठी वर फांद्या पसरत. एप्रिल-मे मध्ये जमीन पावसाने भिजली की कुदळीने घातलेल्या गुडघाभर उंचीच्या मातीच्या ढिगांवर एकेक रोप लावायचे. नांगर वापरत नसत, कारण जंगल जाळून काढलेल्या शेतात बुंधे तसेच राहिलेले असत. पुढे तण काढणे, आठ-दहा पाने ठेवून शेंडा खुडणे, बगलेतून येणारी फूट वारंवार मोडणे आणि पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या बोटभर जाड हिरव्या अळ्या हाताने वेचून चिरडणे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाड बुडख्यातून कापून, काठ्यांना अडकवून, हवेशीर फळ्यांच्या कोठारात पाच-सहा आठवडे टांगत. वाळलेले पान हाताने धरले तर चुरा होते, म्हणून ते दमट हवेने मऊ पडण्याची वाट पाहायची आणि त्या दिवशी, मग रात्र झाली तरी, पाने उतरवून जुड्या बांधायच्या. शेवटी हॉग्सहेड नावाच्या प्रचंड लाकडी पिंपात तरफेने दाबून भरायचे. अठराव्या शतकात असे एक पिंप हजार पौंडांचे होई. एका माणसाला दोन-तीन एकरांपेक्षा जास्त झेपत नसे.

त्या दोन-तीन एकरांना मागे मोठी जमीन लागे, कारण तीन-चार पिकांनंतर शेत थकून जाई आणि वीसेक वर्षे पडीक टाकावे लागे. ही जमीन पौहाटन लोकांची होती. मार्च १६२२ मध्ये ओपेचनकनो याच्या नेतृत्वाखाली त्यांनी केलेल्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश वस्ती, मारली गेली. त्यामागे नदीकाठची शेते एकामागून एक गिळली जाणे हे उघड कारण होते. दोन वर्षांनी कंपनी बरखास्त होऊन व्हर्जिनिया राजाच्या ताब्यात गेली. हात आणण्यासाठी १६१८ पासून एक युक्ती होती : जो एका माणसाच्या प्रवासाचा खर्च करील त्याला ५० एकर जमीन. सतराव्या शतकात चेसापीकला आलेल्या इंग्रजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हे चार ते सात वर्षांच्या कराराने बांधलेले नोकर होते आणि त्यांतले कितीतरी करार संपायच्या आत हिवतापाने आणि आमांशाने मेले. जमीन मात्र खर्च करणाऱ्याच्या नावावर राहिली.

१७३० चा तपासणी कायदा हा या गोष्टीचा मध्यबिंदू आहे. चर्चा सुरू झाली की त्यावर लिहितो.

निपाणीकर

धागा आवडला. आमच्या घरी दोन पिढ्या बिडीची तंबाखू होती, त्यामुळे कामाचा परिच्छेद वाचताना हात शिवशिवले. शेंडा खुडणे आणि बगलफूट काढणे आमच्याकडेही तसेच. शेंडा मारला की झाड सगळा जोर पानात घालते, पण त्याच क्षणापासून बगलेत फूट धरते आणि मग दर आठ-दहा दिवसांनी प्रत्येक झाडाशी वाकावे लागते. त्या चिकाने बोटे काळी पडतात आणि कित्येक दिवस पांढरी होत नाहीत. भाकरीला कडवट वास येतो. व्हर्जिनियातील त्या मजुरांबद्दल वाचताना मला आधी त्यांचे हात दिसले.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. आमच्याकडे वाळवण उन्हात होते, तिथे सावलीत टांगून. पाऊस आणि दमट हवा यांच्यामुळे त्यांच्या कोठारात बुरशीचा धोका मोठा असणार. वापसा जसा जमिनीला असतो तसा पानालाही असतो. थोडे जास्त ओले बांधले की पोत्यात कुजते, थोडे कोरडे बांधले की चुरा होतो. समुद्रावर दोन-तीन महिने जायचे म्हटल्यावर तर विचारायलाच नको.

माझा प्रश्न असा की, १७३० च्या आधी दर्जा कोण ठरवत होते? आमच्याकडे शेतकऱ्याला नेहमी हाच प्रश्न नडला. व्यापारी मूठभर पान काढून वास घेणार, ओल आहे म्हणून वजनात कट लावणार, आणि आपण माल परत न्यायला गाडीभाडे नाही म्हणून मान डोलावणार. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि प्रकरण गोळीबारापर्यंत गेले, त्याच्या मुळाशी भाव होता तसाच हा तोलामोलाचा अपमानही होता. व्हर्जिनियाच्या शेतकऱ्याचा व्यापारी तर समुद्रापलीकडे लंडनमध्ये बसलेला.

जुनी वही

निपाणीकर, आपला प्रश्न नेमका आहे. १७३० च्या आधी दर्जा दोन ठिकाणी ठरे आणि दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याच्या हाती काही नसे. मोठा मळेवाला आपली पिंपे लंडनच्या अडत्याकडे विक्रीसाठी पाठवी; मालाची मालकी आणि जोखीम विक्री होईपर्यंत त्याचीच. अडत्या माल विके, त्यातून जकात, जहाजभाडे, हमाली, गोदामभाडे आणि स्वतःची दलाली वजा करी आणि उरलेल्या रकमेतून मळेवाल्याने मागवलेले कपडे, भांडी, बग्गी पाठवून देई. हिशेबाचा कागद यायला वर्ष लागे. छोट्या शेतकऱ्याला ही चैन परवडत नसल्याने तो शेजारच्या मोठ्या मळेवाल्याला किंवा जहाजाच्या कप्तानाला जागेवर विकी. पिंपाच्या तोंडाशी चांगले पान आणि पोटात केर, दगड, देठ भरण्याची सवय याच काळातील.

गव्हर्नर विल्यम गूच याने १७३० मध्ये विधिमंडळाकडून मंजूर करून घेतलेल्या कायद्याने नद्यांच्या काठी सार्वजनिक वखारी उभ्या राहिल्या. निर्यातीचे प्रत्येक पिंप तिथे आणून फोडायचे, शपथ घेतलेल्या तपासनिसांनी पान पाहायचे, रद्दी निघाले तर तिथेच जाळायचे आणि चांगले असेल तर वजन करून, पिंपावर शिक्का मारून मालकाला पावती द्यायची. या पावत्या कर भरायला आणि देणी फेडायला चालत. पिंपाच्या पावतीवर ते विशिष्ट पिंप मिळे. सुट्या मालाच्या पावतीवर तेवढ्या वजनाची तपासलेली तंबाखू मिळे आणि ती पावती हातोहात फिरे. आतापर्यंत चलन म्हणून खरोखरची पाने बैलगाडीतून हलवावी लागत. आता ती वखारीत राहिली आणि कागद फिरू लागला.

छोट्या शेतकऱ्यांना हे सहजासहजी पचले नाही. ज्यांच्याजवळ फक्त हलके पान होते त्यांच्या दृष्टीने तपासनीस त्यांचे पैसेच जाळत होता. १७३२ मध्ये नॉर्दर्न नेक भागात काही वखारी पेटवल्या गेल्या. गूच मात्र हटला नाही, त्याने कायद्याचे समर्थन करणारी एक संवादरूप पुस्तिकाही लिहून छापली. मेरीलँडने तसाच कायदा १७४७ मध्ये केला, आणि मधली सतरा वर्षे मेरीलँडच्या पानाला व्हर्जिनियाच्या पानापुढे कमी भाव मिळत राहिला.

तोलकाटा

लेखातील माहितीबद्दल आभार, परंतु मुख्य सिद्धांताशी मी सहमत नाही. तंबाखू चलन होती म्हणून अतिउत्पादन झाले, हा कार्यकारणभाव उलटा आहे असे मला वाटते. निर्यातीचे एकच पीक असलेल्या आणि नाणी नसलेल्या कोणत्याही प्रदेशात ते पीक चलन बनते. बार्बाडोसमध्ये साखर अशीच वापरली जात होती. खरी कोंडी कायद्याने घातलेली होती. १६६० च्या नौकानयन कायद्याने तंबाखू ही इंग्लंडमध्ये किंवा इंग्रजांच्या इतर वसाहतींतच नेता येईल असे ठरले. त्याआधी डच जहाजे नदीत येऊन चढा भाव देत होती, ती बंद झाली. शिवाय जकात पाहावी : १६६० मध्ये पौंडाला दोन पेनी, १६८५ पासून पाच पेनी. ज्या पानासाठी पिकवणाऱ्याला एक पेनी मिळत होती, त्यावर राजाचा हिस्सा पाचपट. इंग्लंडमधून पुढे युरोपात गेलेल्या मालावरची जकात जवळजवळ सगळी परत मिळे, आणि अठराव्या शतकात बहुतेक माल असाच पुढे जात होता. पण मधल्या भाड्याचा आणि दलालीचा भार पिकवणाऱ्यावरच पडला.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगतो. या बंधनाच्या बदल्यात वसाहतींना इंग्लंडची बाजारपेठ राखून मिळाली. स्पॅनिश पानावर जबर जकात बसली आणि इंग्लंडमध्ये तंबाखू लावायला बंदी झाली. ग्लॉस्टरशरमध्ये विंचकम्बच्या आसपास शेतकरी तरीही ती लावत राहिले आणि त्यांची शेते तुडवायला घोडदळ पाठवावे लागले. पहिल्या जेम्स राजाने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध स्वतः पुस्तिका लिहिली होती, पण जकातीचे आकडे दिसू लागल्यावर राजघराण्याच्या नाकाला तो धूर फारसा झोंबला नाही.

जुनी वही

तोलकाटा, नौकानयन कायद्याचा मुद्दा मान्य आहे आणि तो मूळ लेखात आणायला हवा इतका वजनदार आहे. परंतु भाव १६३० मध्येच, म्हणजे त्या कायद्याच्या तीस वर्षे आधी, डच जहाजे नदीत असतानाच कोसळला होता. शिवाय जकातीने रद्दी मालाचे स्पष्टीकरण मिळत नाही. पौंडामागे सारखीच जकात असेल तर हलके पान पाठवणे उलट तोट्याचे ठरायला हवे. हलके पान पिकवत राहण्याला कारण लागते, आणि ते कारण मला वजनावर फिटणाऱ्या देण्यांत दिसते.

कृष्णाकाठ

मूळ लेखात गुलामगिरी एका वाक्यातही नाही, ‘हात’ या शब्दाखाली ती झाकली गेली आहे. हे मला खटकले म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

ऑगस्ट १६१९ मध्ये व्हाइट लायन नावाचे जहाज व्हर्जिनियातील पॉइंट कम्फर्टला आले आणि त्यावरच्या वीसहून काही अधिक आफ्रिकी बंदिवानांच्या बदल्यात त्याने अन्नसामग्री घेतली. पुढची काही दशके त्यांचे कायदेशीर स्थान संदिग्ध राहिले. अँथनी जॉन्सन नावाचा आफ्रिकी माणूस मोकळा होऊन १६५१ मध्ये २५० एकरांचा धनी झाला. तर १६४० मध्ये तीन नोकर पळाले आणि पकडले गेले तेव्हा दोन गोऱ्यांची मुदत वाढली आणि जॉन पंच या काळ्या माणसाला जन्मभराची चाकरी झाली. त्यानंतर कायदा एकेक फळी ठोकत गेला. १६६२ मध्ये मुलाचा दर्जा आईवरून ठरेल असे झाले, म्हणजे मालकाचे स्वतःचे मूलही त्याची मालमत्ता. १६६७ मध्ये बाप्तिस्मा घेतल्याने मुक्ती मिळणार नाही असे झाले. १६६९ मध्ये शिक्षा करताना गुलाम मेला तर तो गुन्हा नाही, असे झाले, आणि १७०५ मध्ये हे सगळे एका संहितेत बांधले गेले.

तंबाखूशी याचा संबंध किती थेट होता, हे एका लहानशा कायद्यावरून दिसते. व्हर्जिनियात डोईपट्टी ही शेतात राबणाऱ्या माणसावर असे. इंग्रज बाई घरची समजली जाई, म्हणून तिच्यावर कर नसे. १६४३ मध्ये आफ्रिकी स्त्रियांवर मात्र तो बसवण्यात आला. त्यांना शेतातील हात म्हणून कायद्याने मोजले आणि तो कर अर्थातच तंबाखूत वसूल केला. एखाद्या मोकळ्या आफ्रिकी शेतकऱ्याला आपल्या बायकोवर तंबाखू भरावी लागे, शेजारच्या इंग्रजाला लागत नसे. एवढ्या एका फरकाने दोघांच्या संसाराचा हिशेब किती वेगळा होत असेल याचा विचार करावा.

१६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकनच्या बंडात करार संपलेले गरीब गोरे आणि गुलाम एकत्र लढले आणि जेम्सटाउन जळले. त्या भीतीने मळेवाले आफ्रिकी गुलामांकडे वळले, असे अनेकदा लिहिले जाते. त्यात तथ्य असेलही, पण इंग्लंडमध्ये मजुरी वाढल्याने नोकर मिळेनासे झाले होते आणि १६९८ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीचा गुलामव्यापाराचा मक्ता सुटल्यावर गुलामांची जहाजे वाढली, ही कारणे मला अधिक भक्कम वाटतात. अठराव्या शतकाच्या मध्यास व्हर्जिनियातील सुमारे ४० टक्के लोक आफ्रिकी वंशाचे होते. निपाणीकरांना जे हात दिसले ते तोपर्यंत बहुतेक त्यांचे होते.

चेसापीककर

मी मेरीलँडमध्ये राहतो. बाल्टिमोरच्या पश्चिमेला रोलिंग रोड नावाचा रस्ता आहे, त्यावरून रोजची ये-जा असते. तंबाखूची पिंपे आडवी करून, त्यांना आस बसवून, बैल किंवा माणसे लावून ती गडगडत बंदराकडे नेत, त्या वाटेचे हे नाव. चढउतार टाळत जाणारा तो रस्ता आजही वेडावाकडा आहे आणि गर्दीच्या वेळी त्याचा राग येतो.

एक भर घालतो. या प्रदेशात दीडशे वर्षे मोठे शहर झाले नाही. नद्या इतक्या खोल आणि फाटेदार आहेत की जहाज थेट मळ्याच्या धक्क्याला लागे, मग बाजारपेठ हवी कशाला? १६८०, १६९१ आणि १७०५ मध्ये व्हर्जिनियाने शहरे वसवण्याचे कायदे केले आणि तिन्ही वेळा ते कागदावर राहिले. मेरीलँडमधील जॉपा आणि पोर्ट टोबॅको ही चालती बंदरे तर तंबाखूच्या शेतांतून वाहून आलेल्या गाळाने भरली. आज तिथे जहाज येईल असे कुणाला सांगून खरे वाटणार नाही.

अर्धा कप

छोटी शंका. आंध्र आणि कर्नाटकात जी ‘व्हर्जिनिया’ तंबाखू सिगारेटसाठी लावतात ती हीच का?

जुनी वही

नाव तिथले आहे, पण पद्धत नंतरची. बंद भट्टीत नळ्यांतून उष्णता खेळवून पिवळेजर्द पान तयार करण्याची रीत एकोणिसाव्या शतकात उत्तर कॅरोलिना आणि दक्षिण व्हर्जिनियाच्या सीमाभागात रुजली. वसाहतकाळातील पान हवेवर वाळवलेले, तपकिरी आणि पाइपसाठी व तपकिरीसाठी होते. त्यात ओरिनोको ही तीव्र जात मुख्यतः युरोपच्या मुख्य भूमीवर खपे, आणि यॉर्क व रॅपाहॅनक या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातील ‘स्वीट-सेंटेड’ पानाला इंग्लंडमध्ये मान होता.

तोलकाटा

चर्चेत स्कॉटलंड राहून गेले आहे. १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एकत्र आल्यावर ग्लासगोच्या व्यापाऱ्यांना हा व्यापार कायदेशीरपणे खुला झाला. उत्तरेच्या मार्गाने त्यांची जहाजे लंडनपेक्षा दोन-तीन आठवडे लवकर पोहोचत. परंतु त्यांची खरी ताकद दुकानांत होती. त्यांनी नद्यांच्या वरच्या अंगाला, पिडमाँट या डोंगरपायथ्याच्या पट्ट्यातील नव्या वस्त्यांत, पगारी गुमास्ते बसवले. गुमास्ता शेतकऱ्याचे पान जागेवर विकत घेई आणि त्याच दुकानातून कापड, खिळे, रम, कुदळी उधारीवर देई. उधारी पुढच्या पिकावर. लंडनचा अडत्या बड्या मळेवाल्याचा होता, ग्लासगोचा गुमास्ता लहान शेतकऱ्याचा. १७६० च्या दशकात ब्रिटनमध्ये येणाऱ्या तंबाखूचा मोठा वाटा ग्लासगोतून जाऊ लागला आणि त्यातला फार मोठा भाग फ्रान्सच्या सरकारी मक्तेदारांनी उचलला. जॉन ग्लासफर्ड, अलेक्झांडर स्पीअर्स आणि विल्यम कनिंगहॅम ही त्या काळची बडी नावे. कनिंगहॅमने अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर साठा धरून ठेवला आणि भाव चढल्यावर विकला. त्याने बांधलेल्या वाड्यात आज ग्लासगोचे आधुनिक कलादालन आहे. शहरात व्हर्जिनिया स्ट्रीट आणि ग्लासफर्ड स्ट्रीट अजून आहेत.

माझा आग्रह इतकाच की, अठराव्या शतकात या प्रदेशाचे खरे चलन हा दुकानाच्या वहीतील उधारीचा आकडा होता. पान ते केवळ फेडायला लागे.

जुनी वही

वहीच्या मुद्द्यावर आपले मतभेद फारसे उरत नाहीत, कारण मलाही शेवट तिथेच न्यायचा आहे. मात्र वाटेत पाद्रीबुवांकडे परत जावे लागेल.

१७५८ मध्ये पीक बुडाले आणि पान पौंडाला दोन पेनींवरून सहा पेनींकडे गेले. वेतन वजनात असल्याने पाद्र्यांना एरवीच्या सुमारे १३३ पौंडांऐवजी (हे पौंड वजनाचे नव्हे, पैशाचे) ४०० मिळाले असते. विधिमंडळाने कायदा केला की, तंबाखूतील देणी त्या वर्षी पौंडाला दोन पेनी दराने रोखीत फेडता येतील. भाव पडलेला असताना पाद्र्यांना हलके पान घ्यावे लागत होते, त्या वेळी कुणी त्यांची भरपाई केली नव्हती. भाव चढला तेव्हा मात्र कायदा धावून आला. पाद्र्यांनी लंडनला दाद मागितली, राजाने कायदा रद्द केला आणि जेम्स मॉरी या पाद्र्याने थकबाकीसाठी हॅनोव्हर परगण्यात दावा लावला. न्यायालयाने त्याची बाजू मानली. प्रश्न राहिला तो नुकसानभरपाई किती एवढाच. डिसेंबर १७६३ मध्ये पॅट्रिक हेन्री नावाच्या तरुण वकिलाने ज्युरीसमोर सांगितले की, प्रजेच्या हिताचा कायदा रद्द करणारा राजा आज्ञापालनाचा हक्क गमावतो. ज्युरीने मॉरीला एक पेनी भरपाई दिली. तंबाखूच्या वजनावरून सुरू झालेला हा वाद राजाच्या अधिकारापर्यंत जाऊन पोहोचला.

आता उधारी. जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननची तंबाखू रॉबर्ट केरी आणि कंपनी या लंडनच्या पेढीकडे पाठवली आणि १७६४ पर्यंत पेढीचे त्याच्याकडे सुमारे १,८०० पौंड स्टर्लिंग येणे झाले. तो हिशेबी माणूस असल्याने १७६६ पर्यंत त्याने तंबाखू सोडून गहू धरला. बहुतेकांना ते जमले नाही, कारण गहू दुकानातील जुनी बाकी फेडत नव्हता. १७७२ मध्ये लंडन आणि स्कॉटलंडमध्ये पतपेढ्या बुडाल्या, व्यापाऱ्यांनी वसुली लावली आणि तपासणीच्या पावतीवर जगणारा प्रदेश एकदम नादार दिसू लागला. ही कर्जे बापाकडून मुलाकडे वारशाने जात आणि मळेवाले म्हणजे लंडनच्या पेढ्यांना जोडलेली एक प्रकारची मालमत्ताच झाले होते, असे थॉमस जेफर्सनने लिहून ठेवले आहे. सासऱ्याच्या इस्टेटीबरोबर आलेले कर्ज तो स्वतः फेडत होता, त्यामुळे हे ऐकीव बोलणे नव्हते. गुलामांनाच मालमत्ता म्हणून धरणाऱ्या माणसाने ही उपमा स्वतःसाठी वापरावी, यावर कृष्णाकाठ काय म्हणतील याची मला कल्पना आहे.

स्वातंत्र्ययुद्धात १७७७ च्या कायद्याने व्हर्जिनियाने ब्रिटिश सावकारांचे देणे सरकारी कचेरीत घसरत्या कागदी नोटांत भरण्याची मुभा दिली. अनेकांनी ती घेतली. १७८३ च्या तहात मात्र जुनी देणी खरीखुरी फिटली पाहिजेत असे कलम होते. ‘वेअर विरुद्ध हिल्टन’ खटल्यात कर्जदारांच्या बाजूने जॉन मार्शल उभा राहिला, पुढे सरन्यायाधीश झालेला तोच. आणि १७९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल देऊन नोटांतील फेड अमान्य केली. तरीही वसुली अडत राहिली. अखेर १८०२ मध्ये अमेरिकेच्या सरकारने ब्रिटनला सहा लाख पौंड स्टर्लिंग देण्याचे कबूल करून हे खाते बंद केले.